उभयतांचे काम व एकाचे नाव

(गावोगावच्या मंडळ्यांतील अभ्यासवर्गाकरिता पाठ)

वाचावयाचे भाग : प्रेषितांची कृत्ये १८:१-४ व १८-२८, रोमकरांस पत्र १६:३-५.



मिशनरी हा शब्द कानी पडताच आपल्या डोळ्यांपुढे बहुधा एक पुरुष उभा राहतो. त्याच्या हाती पुस्तक असते. तो झाडाखाली अथवा बाजाराच्या वाटेवर बोलत असतो, व भोवती दहा-वीस लोक बसून ऐकत असतात. हे चित्र खोटे नव्हे. परंतु ते अपुरे आहे. तो मनुष्य सकाळी कोणाच्या हातची भाकर खाऊन निघाला, त्याच्या मागे दारी आलेल्या आजाऱ्याची विचारपूस कोणी केली, त्याचे लेकरू तापाने फणफणले असता रात्रभर उशाशी कोण बसले, हे त्या चित्रात कोठेच दिसत नाही. आजच्या पाठात हीच न दिसणारी बाजू पाहावयाची आहे. सेवेकरिता परक्या मुलखात जाऊन राहिलेल्या पतिपत्नींचा रोजचा दिवस कसा जात असे, आज कसा जातो, आणि त्यापासून मंडळीने काय शिकावे, हा आपला विषय होय.

आपल्या नंदुरबार जिल्ह्यास हा विषय नवा नाही. १ जुलै १९९८ रोजी हा जिल्हा निराळा झाला. त्यापूर्वी तो धुळे जिल्ह्यात, व त्याहीपूर्वी पश्चिम खानदेशात मोडत असे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात स्वीडनच्या व अमेरिकेतील स्कँडिनेव्हियन लोकांच्या अलायन्स मिशनांची दांपत्ये या मुलखात येऊन राहिली. नंदुरबारच्या एस. ए. मिशन हायस्कुलाचे नाव त्या दिवसांची आठवण अजून देते, आणि नवापूर तालुक्यातील चिंचपाड्याचे ख्रिस्ती रुग्णालयही आपणांस ठाऊक आहे. आज समुद्रापलीकडून येणारी दांपत्ये फारशी राहिली नाहीत. आता अक्राणीच्या व अक्कलकुव्याच्या डोंगरांत जी जोडपी सेवेस जातात ती आपल्याच देशातली, कोणी नगरकडची, कोणी दक्षिणेची, कोणी ईशान्येकडील डोंगरांतली. माणसे बदलली, दिवस मात्र पुष्कळसा तसाच राहिला आहे.

१. शास्त्रातील दांपत्य

अक्विल्ला व प्रिस्किल्ला यांची गोष्ट आपण वाचली. क्लौद्य बादशहाने यहुदी लोकांस रोम शहर सोडून जाण्याचा हुकूम केला, तेव्हा हे उभयतां करिंथ येथे आले. राहुट्या शिवणे हा त्यांचा धंदा. पौलाचाही धंदा तोच. सबब तो त्यांच्या घरी राहिला व त्यांच्याबरोबर काम करू लागला. पुढे ती दोघे इफिसास गेली. तेथे अपुल्लोस नावाचा एक विद्वान वक्ता त्यांस भेटला. त्याचे ज्ञान अपुरे आहे हे दोघांनीही ओळखले. परंतु चारचौघांत त्याची चूक न काढता त्यांनी त्यास जवळ बोलावून नीट समजावून सांगितले. त्यांच्या घरी मंडळी जमत असे.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. नव्या करारात या जोडप्याचा उल्लेख सहा ठिकाणी आहे, व सहाही ठिकाणी दोघांची नावे बरोबर येतात. एकट्या अक्विल्लाचे नाव कोठेच नाही, व एकट्या प्रिस्किल्लेचेही नाही. इतकेच नव्हे, तर काही ठिकाणी पत्नीचे नाव आधी येते. त्या काळच्या रीतीस हे धरून नव्हते. तरी पौलाने नाव कोणाचे घ्यावे हे रीतीस विचारले नाही. काम कोणी केले हे पाहिले.

२. पहिला प्रहर : भाषा

परमुलखात गेलेल्या जोडप्याचा पहिला प्रहर भाषेत जातो. जॉन विल्सन व मार्गारेट विल्सन हे स्कॉटलंडमधील दांपत्य १८२९ च्या फेब्रुवारीत मुंबईस उतरले. शहरात इंग्रजी बोलणारे पुष्कळ. तेथे राहून मराठी लवकर यावयाची नाही, म्हणून ती दोघे कोकणच्या किनाऱ्यावर हर्णैकडे जाऊन राहिली व भाषेच्या अभ्यासास लागली. मार्गारेटबाई पतीच्या बरोबरीने शिकल्या. मुंबईस परतल्यावर त्याच वर्षाच्या अखेरीस त्यांनी मुलींच्या शाळा उघडावयास आरंभ केला. मुलीने अक्षर शिकणे म्हणजे घराण्यास बट्टा, असे मानण्याचा तो काळ. अशा काळी घरोघर जाऊन आयांची मने वळविणे हे मोडक्यातोडक्या भाषेने होणारे काम नव्हते. विल्सनसाहेब दौऱ्यावर गेले म्हणजे शाळांची देखरेख व मिशनचा पत्रव्यवहार बाईच सांभाळीत. मुंबईतील सेंट कोलंबा कन्याशाळेचे मूळ त्यांच्याच शाळेत आहे.

आपल्याकडील स्थिती पाहा. पुस्तकी मराठी शिकलेला तरुण पाळक डोंगरात येतो. त्यास वाटते, आपण महाराष्ट्रातच आहो, भाषेची अडचण ती काय? पहिल्याच आठवड्यात त्यास कळून येते की पाड्यावरची आजी मावची बोलते, पलीकडच्या डोंगरावर पावरी चालते, अन्यत्र भिलीचे आणखी निराळे वळण. आणि आपले उत्तम मराठी प्रवचन लोक मान डोलावून ऐकतात ते केवळ सभ्यता म्हणून. मी सेमिनरीतून नवा आलो तेव्हा वही घेऊन शब्द टिपीत असे. माझी पत्नी वही न घेता हंडा घेऊन हातपंपावर जाई. तीन महिन्यांनी मला शंभर शब्द लिहिता येत होते, आणि तिला बायांशी भांडता व हसता येत होते. मग प्रवचनापूर्वी मी तिलाच विचारू लागलो, "हा दृष्टांत यांस कसा सांगावा?" व ती म्हणे, "अहो, द्राक्षमळा कोणी पाहिला आहे येथे? मोहाचे झाड सांगा."

३. दुसरा प्रहर : दार व चूल

दुसरा प्रहर दाराशी जातो. मिशनरीच्या घराचे दार हे घरच्यांचे राहत नाही. कोणास चिठ्ठी वाचून हवी असते, कोणास दवाखान्यात बरोबर कोणीतरी हवे असते, कोणाचे मूल तापाने निपचित पडलेले असते, आणि कोणास काहीच नको असते, नुसते ओट्यावर बसावयाचे असते. ही शेवटली गरज सर्वांत मोठी, हे नव्या माणसास उशिरा कळते.

याविषयी आपल्या मराठी मंडळीत नारायण वामन टिळक व लक्ष्मीबाई टिळक यांच्या घराइतके बोलके उदाहरण दुसरे नाही. ते परदेशी नव्हते. तथापि त्यांचा प्रवास समुद्रपर्यटनाहून थोडका नव्हता. १० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईस बाप्तिस्मा घेतला, आणि त्या दिवसापासून नवराबायकोची कित्येक वर्षे ताटातूट झाली. पुढे लक्ष्मीबाई पतीकडे आल्या, तेव्हाही आपले सोवळे घेऊनच आल्या. एका छपराखाली दोन धर्म, दोन पाणी, दोन स्वयंपाक. टिळकांनी बळजबरी केली नाही. त्यांचे सोवळे त्यांस पाळू दिले. लक्ष्मीबाईंचे मन आपले आपण वळले, व १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. जो मनुष्य हजारो लोकांस उपदेश करीत होता त्याने घरात वाट पाहिली, हा त्याचा सर्वांत मोठा उपदेश होय, असे मला वाटते.

मग ते घर सर्वांचे झाले. अनाथ पोरे, गरीब विद्यार्थी, वाटसरू, कवी, दुखणाईत, कोण नव्हते त्या घरी? टिळकांचा हात उदार. खिशात असेल ते समोरच्याच्या हाती जाई. उदारपणाचे नाव टिळकांचे होई, व दुसऱ्या दिवशी पीठ कोठून आणावे हा विचार लक्ष्मीबाईंस करावा लागे. १९१७ साली टिळकांनी मिशनचा पगार सोडून दिला व 'देवाचा दरबार' या नव्या कार्यास आरंभ केला. तो निर्णय थोर होता यात संशय नाही. परंतु वाचकहो, पगार एकाने सोडला तरी चूल दोघांची असते. लक्ष्मीबाईंनी ही सर्व हकीकत 'स्मृतिचित्रे' या आपल्या पुस्तकात लिहून ठेविली आहे. १९३४ पासून ते भागाभागांनी प्रसिद्ध झाले. लहानपणी ज्या बाईस शाळा ठाऊक नव्हती, पतीने घरी अक्षरे शिकविली तेवढाच ज्यांचा अभ्यास, त्यांचे हे पुस्तक आज मराठीतील उत्तम ग्रंथांत गणले जाते. त्यात रडगाणे नाही. संकटाचीही गोष्ट त्या हसत सांगतात. टिळकांनी आरंभिलेले 'ख्रिस्तायन' ९ मे १९१९ रोजी त्यांच्या मरणाने अपुरे राहिले, तेही पुढे लक्ष्मीबाईंनीच पुरे केले. त्याचे बहुतेक अध्याय त्यांच्या हातचे आहेत.

आपल्या पाड्यांवर हे दार कसे असते ते सर्वांस ठाऊक आहे. दिवाळी झाली की कित्येक कुटुंबे ऊसतोडीकरिता गुजरातेत जातात, आणि म्हातारी माणसे व काही मुले मागे राहतात. त्या चार-सहा महिन्यांत पाळकाच्या घरी रोज दोन भाकरी जास्त पडतात. उन्हाळ्यात धडगावकडे अंगणोअंगणी आमचुराकरिता कैऱ्या वाळत असतात. त्या दिवसांत पाळकीणबाईही बायांबरोबर बसून कैऱ्या चिरते, व जे दुःख सभेत कोणी बोलत नाही ते विळीवर बसल्या बसल्या बाहेर येते. ही भेट कोणत्याही अहवालात लिहिली जात नाही.

४. तिसरा प्रहर : ताटातूट

आता या दिवसाची काळोखी बाजू. मिशनरी दांपत्याच्या जीवनातील सर्वांत कठीण गोष्ट कोणती, असे विचाराल तर ती गरिबी नव्हे, ऊन नव्हे, विंचूकाटाही नव्हे. ती ताटातूट होय.

गॉर्डन हॉल हे अमेरिकन मराठी मिशनच्या आद्य मिशनऱ्यांपैकी एक. ते १८१३ च्या फेब्रुवारीत मुंबईस आले. १८१६ साली मार्गारेट लुईस यांच्याशी त्यांचा विवाह झाला. मुलांची प्रकृती येथील हवेत टिकेना, म्हणून १८२५ साली बाई दोन मुलग्यांस घेऊन अमेरिकेस निघाल्या. हॉलसाहेब कामाकरिता मागे राहिले. दोन मुलग्यांपैकी एक वाटेतच समुद्रावर वारला. इकडे पुढच्या वर्षी हॉलसाहेब दौऱ्यावर नाशिककडे गेले. त्या भागात पटकीची साथ चालू होती. त्यांनी जवळची औषधे लोकांस वाटली, व परतताना त्याच रोगाने २० मार्च १८२६ रोजी एका खेड्यात त्यांचा अंत झाला. त्या वेळी त्यांचे वय एक्केचाळीस वर्षांचे होते. पत्नी हजारो कोस दूर होती. वाचलेला मुलगा, वडिलांच्याच नावाचा, पुढे अमेरिकेत पाळक झाला.

विल्सन दांपत्यासही हा प्याला चुकला नाही. मार्गारेटबाई १९ एप्रिल १८३५ रोजी मुंबईस वारल्या. या देशात येऊन त्यांस सहा वर्षे झाली होती. त्यांचा मुलगा अँड्र्यू चार वर्षांचा होता. पुढील काळात कोडाईकनाल येथे १९०१ साली मिशनऱ्यांच्या मुलांकरिता शाळा निघाली. अशा दूरच्या शाळांत मुले पोचवून आईबाप आपापल्या ठाण्यावर परत येत. गावातील मुलांस शिकवीत, आणि आपले मूल वर्षातून थोडे दिवस पाहत.

आजही हे संपलेले नाही. डोंगरात चांगली शाळा जवळ नाही, म्हणून पाळकाचे लेकरू नंदुरबारास अथवा आजोळी राहते. आई कोणाजवळ बोलत नाही, कारण "तुमची श्रद्धा कोठे गेली?" असे म्हणणारा कोणी तरी भेटतो. बंधूंनो, लेकरासाठी डोळ्यांत पाणी येणे म्हणजे अविश्वास नव्हे. असल्या वेळी उपदेश करू नये, जवळ बसावे.

५. चौथा प्रहर : नाव

रात्री दिवा जवळ घेऊन अहवाल लिहिला जातो. येथे आपण पाठाच्या मुख्य मुद्द्यावर आलो.

हॉल ज्या अमेरिकन बोर्डाने पाठविले त्या बोर्डाच्या यादीत एकोणिसाव्या शतकात मिशनरीच्या पत्नीस सहायक मिशनरी म्हणून दाखवीत. तिला निराळा पगार नसे. पुष्कळदा तिचे स्वतःचे नावही लिहीत नसत, अमक्याची पत्नी एवढेच लिहीत. विल्सनसाहेबांचे नाव आज मुंबईत एका मोठ्या कॉलेजास आहे, व ते योग्यच आहे. मार्गारेटबाईंचे नाव मात्र शोधून काढावे लागते. हा त्या काळचा दोष, असे म्हणून आपण सुटू पाहतो. म्हणून मी माझीच गोष्ट सांगतो.

काही वर्षांपूर्वी पावसाळ्यात मला हिवताप झाला. एकवीस दिवस मी अंथरुणास खिळलो होतो, व पुढे महिनाभर फार चालवत नव्हते. वर्षाच्या शेवटी मी नेहमीप्रमाणे अहवाल लिहिला : इतक्या घरांस भेटी, इतक्या प्रार्थनासभा, शब्बाथशाळेचे इतके रविवार, इतक्या आजाऱ्यांस दवाखान्यात नेले. आकडे मागील वर्षाच्या बरोबरीचे होते. मला समाधान वाटले. पाठविण्यापूर्वी पत्नीने तो वाचावयास घेतला. वाचून झाल्यावर तिने कागदाची नीट घडी केली व म्हणाली, "अहो, एवढे सगळे तुम्ही केलेत, तर आषाढात तापात कोण पडले होते?"

ती रागावली नव्हती, हसतच बोलली. परंतु मला त्या रात्री झोप आली नाही. आषाढातील भेटी तिने दिल्या होत्या, कडेवर आमची धाकटी मुलगी घेऊन, चिखल तुडवीत. शब्बाथशाळा तिने चालविली होती. एका बाळंतिणीस भरल्या नाल्यापलीकडून आणण्यास मंडळीचे तरुण तिच्याच सांगण्यावरून गेले होते. मी हे खोटे लिहावे म्हणून लिहिले नव्हते. मला ते माझेच वाटले, हीच तर गोष्ट. चोरास आपण चोरी करीत आहो हे निदान ठाऊक असते.

मी अहवाल पुन्हा लिहिला व तिचे नाव घातले. ते पाहून ती म्हणाली, "माझे नाव घातलेत हे बरे, पण आता पुढील वर्षी तेवढेच काम माझ्याकडून मागू नका म्हणजे झाले." हे दुसरे वाक्य पहिल्याहून अधिक विचार करण्याजोगे आहे.

६. मंडळीने काय करावे

पहिली गोष्ट. पाळकाच्या पत्नीस मंडळीने दुसरा बिनपगारी पाळक समजू नये. काही भगिनी शिक्षिका आहेत, काही परिचारिका आहेत, काहींचे घर व लेकरे हेच पुरेसे काम आहे. मंडळीचे काम सांगण्यापूर्वी "तुमच्याने होईल काय?" असे विचारावे, व "होणार नाही" हे उत्तर मन मोठे करून घ्यावे.

दुसरी गोष्ट. जे काम ती करते त्याची नोंद तिच्या नावाने व्हावी. वार्षिक सभेत आभार मानताना "पाळकसाहेब व त्यांचे कुटुंब" असे मोघम न म्हणता कोणी काय केले ते सांगावे.

तिसरी गोष्ट. दाराचा भार वाटून घ्यावा. मंडळीतील चार घरांनी आळीपाळीने आठवड्यातला एकेक दिवस आपले दार उघडे ठेवावे. त्या दिवशी आलेला पाहुणा त्या घरी जेवेल. भाकरी तीच; पण आठवड्यातून चार दिवस तरी एका चुलीस विसावा मिळेल.

चौथी गोष्ट. उभयतांस आठवड्यातून एक दिवस स्वतःचा असू द्यावा. रविवार हा पाळकाच्या विसाव्याचा दिवस नव्हे, हे ध्यानात असावे.

आणि पाळकबंधूंनो, पाचवी गोष्ट आपल्याकरिता. परक्याच्या घरी जितक्या सौम्यपणे बोलतो तितके घरी बोलावे. टिळकांनी घरात वाट पाहिली, हे विसरू नये. जो प्रेमावर प्रवचन करून घरी येतो व पाण्याचा तांब्या उशिरा आला म्हणून कपाळास आठ्या घालतो, त्याचे खरे प्रवचन त्याची मुले ऐकत असतात.

विचार करावयाचे प्रश्न

१. अक्विल्ला व प्रिस्किल्ला यांनी अपुल्लोसास एकांतात का शिकविले? आपल्या मंडळीत चूक दाखविण्याची रीत कशी आहे?

२. मार्गारेट विल्सन व लक्ष्मीबाई टिळक यांच्या कामांपैकी कोणते काम आज आपल्या गावी कोणी करीत आहे काय? तिचे नाव घ्या.

३. गेल्या वर्षी मंडळीच्या वहीत लिहिलेल्या कामांपैकी कोणते काम प्रत्यक्षात दुसऱ्याच कोणी केले होते?

४. ऊसतोडीच्या महिन्यांत मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांचा भार आपण कसा वाटून घेऊ?

पौलाने रोमकरांस पत्र लिहिले तेव्हा शेवटी पुष्कळांस सलाम सांगितले. ती नावांची यादी आपण बहुधा न वाचता सोडून देतो. परंतु त्या यादीत हे जोडपे आरंभीच येते, आणि ज्यांनी त्याच्यासाठी आपला जीव धोक्यात घातला त्यांचे उपकार तो मोकळ्या मनाने कबूल करतो. मोठ्या प्रेषितास आपल्या सोबत्यांची नावे लिहिताना कमीपणा वाटला नाही. आपणांसही वाटू नये. आज घरी गेल्यावर प्रत्येकाने आपल्या मंडळीतील अशा एका भगिनीचे नाव प्रार्थनेत घ्यावे. आणि मग उठून तिच्या दारी जावे, मागावयास नव्हे, तर तिचा हंडा उचलावयास.